चित्रात नसलेला नेव्हिगेटर

विमानांच्या चित्रांचा एक वेगळाच बाजार असतो, आणि त्या बाजाराचे स्वतःचे कायदेकानू असतात. चित्रकार एक मोठं तैलचित्र काढतो. ते मूळ चित्र कुणीतरी पैसेवाला किंवा एखादं म्युझियम घेऊन जातं. मग त्याच्या पाचशे किंवा हजार प्रती छापतात, ठरलेल्या आकड्याच्या वर एकही नाही. प्रत्येक प्रतीच्या खाली पांढरी पट्टी सोडलेली असते. तिथे पेन्सिलने नंबर घालतात, २१४/५०० असा, आणि शेजारी चित्रकार सही करतो. इथपर्यंत कुठल्याही चित्राचं होतं तसंच. पण युद्धातल्या विमानांच्या बाबतीत अजून एक भानगड असते. ज्या लोकांनी तसली विमानं खरोखर उडवली, त्यांना शोधून, बोलावून, टेबलापाशी बसवून, त्यांच्याही सह्या घेतात. पेन्सिलनेच. ब्रिटनमध्ये रॉबर्ट टेलर हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव, आणि त्याच्या चित्रांखाली अशा सह्यांची रांग असते.

किंमत ठरते ती या सह्यांवर. सारखंच चित्र, सारखाच कागद, पण एका प्रतीवर दोन सह्या आणि दुसरीवर आठ, की भाव कुठल्या कुठे जातो. काही प्रतींवर चित्रकार समासात पेन्सिलने छोटंसं स्वतंत्र चित्रही काढून देतो, त्याला रिमार्क म्हणतात. ती प्रत आपल्यासारख्याने फक्त बघायची. :-)

आणि सह्या करणारी माणसं संपत चालली आहेत. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीची धरणं फोडायला गेलेल्या प्रसिद्ध 'डॅमबस्टर' तुकडीतले शेवटचे हयात सैनिक जॉर्ज जॉन्सन ७ डिसेंबर २०२२ ला गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. त्यामुळे आता नव्या चित्रांसोबत जुन्या सह्या विकायची पद्धत पडली आहे. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या पत्रावरची, वहीतली सही कापायची आणि ती चित्राखालच्या माउंटमध्ये खिडकी करून बसवायची. मला हा प्रकार आवडत नाही. माणसाने चित्र बघून सही करणं वेगळं आणि त्याच्या सहीची चिंधी नंतर कुणीतरी चित्राला जोडणं वेगळं. असो.

मला हा नाद लागला लंडनला ऑनसाइट असताना. आठ महिन्यांचं काम होतं, शनिवार-रविवार मोकळे, खिशात जपून खर्च करायचे पाउंड. हेंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम फुकट आहे हे कळल्यावर मी तिथे किती वेळा गेलो ते मोजलं नाही. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये एक लँकेस्टर बॉम्बर उभं आहे. नंबर आर ५८६८. काळं पोट, चार इंजिनं, आणि नाकाच्या बाजूला पिवळ्या बॉम्बच्या छोट्या छोट्या चित्रांच्या रांगाच रांगा. एक चित्र म्हणजे एक मोहीम. लँकेस्टर एकूण ७,३७७ बनली, त्यातली शंभराच्या वर मोहिमा करून टिकलेली पस्तीसच्या आसपास. हे विमान त्यातलंच. १३७ मोहिमा त्याच्या नावावर लागतात. १९७२ पासून ते तिथे आहे. रांगांच्या खाली गोअरिंगची एक फुशारकी रंगवलेली आहे, शत्रूचं एकही विमान आमच्या देशावर उडणार नाही अशा अर्थाची. मोहिमांच्या चित्रांखालीच ती लिहायची म्हणजे ऑस्ट्रेलियन विनोदबुद्धीची कमाल. (हे विमान शेवटी ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रनकडे होतं.)

याच विमानाच्या माहितीत मला एक नाव सापडलं आणि मी जागेवर थांबलो. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर.

सुखटणकर! पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे आडनाव भांडारकर संस्थेमुळे आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे माहीत असतं. तिथले विष्णू सीताराम सुखटणकर जानेवारी १९४३ मध्ये गेले. आणि त्याच वर्षी याच आडनावाचा एक तरुण, इंडियन एअर फोर्सचा अधिकारी, इंग्लंडमधून रात्री उडून जर्मनीवर जात होता. ८३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये तो नेव्हिगेटर होता. एकूण ४५ मोहिमा केल्या, त्यातल्या १४ या विमानातून, म्हणजे मी ज्याच्या पोटाखाली मान वर करून उभा होतो त्याच विमानातून. तेव्हा या विमानावर क्यू हे अक्षर होतं, आजचं एस नंतर आलं. सुखटणकरांना डी.एफ.सी. हे पदक मिळालं आणि ते जिवंत परत आले.

४५ हा आकडा सहज वाचून सोडून देण्यासारखा नाही. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख लोकांनी विमानांतून काम केलं, त्यातले ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. साध्या स्क्वाड्रनमध्ये ३० मोहिमा झाल्या की माणसाला विश्रांती मिळायची. पण ८३ नंबर हे 'पाथफाइंडर' स्क्वाड्रन होतं. यांचं काम म्हणजे बाकी सगळ्यांच्या आधी पोचायचं, अंधारात लक्ष्य शोधायचं आणि त्यावर लाल-हिरवे जळते दिवे टाकायचे. मागून येणारी शेकडो विमानं मग त्या दिव्यांवर बॉम्ब टाकणार. दिवे चुकले तर सगळंच चुकलं. एवढे तयार लोक लवकर सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून पाथफाइंडरला ४५ मोहिमा सलग.

आणि या कामात सगळा भार नेव्हिगेटरवर. आपण आज फोनमध्ये निळा ठिपका बघतो आणि तो दहा मीटर इकडेतिकडे गेला तरी शिव्या घालतो. या माणसाकडे काय होतं? विमानाचा वेग, होकायंत्राची दिशा, आणि वाऱ्याचा अंदाज. या तिघांचा त्रिकोण मांडायचा आणि आपण कुठे असू ते काढायचं. वारा चुकला की चूक वाढत जाते. ज्यांनी कधी हिशोबातली राउंडिंगची चूक लाखो रेकॉर्डमधून वाहत गेलेली पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. चूक साचू नये म्हणून दर सहा मिनिटांनी जागा पुन्हा तपासायची. सहा मिनिटं, कारण ती तासाचा दहावा भाग, गुणाकार सोपा. 'जी' नावाची रेडिओ यंत्रणा होती, पण जर्मन ती जॅम करायचे. मग 'एच टू एस' नावाचं रडार आलं, ज्याच्या धूसर पडद्यावर नदी, किनारा आणि शहर वेगळं ओळखायचं. हे सगळं उणे तापमानात, ऑक्सिजनचा मुखवटा लावून, बाहेर तोफा फुटत असताना, हातात पेन्सिल घेऊन.

यातली मला सगळ्यात आवडलेली, आवडलेली म्हणण्यापेक्षा डोक्यात बसलेली गोष्ट म्हणजे पडदा. नेव्हिगेटरला नकाशा वाचायला दिवा लागतो आणि बॉम्बरमधून उजेडाची तिरीप जरी बाहेर गेली तरी धोका. म्हणून त्याच्या टेबलाला पडदा. सात जणांपैकी सहा जणांना काही ना काही काम डोळ्यांनी बाहेर बघून करावं लागे, किंवा निदान बघता तरी येई. हा माणूस पूर्ण मोहीमभर पडद्याआड बसून आकडे मांडत असे. काही नेव्हिगेटर तर म्हणे लक्ष्यावर पोचल्यावरही बाहेर बघायचे नाहीत.

त्या आठ महिन्यांत मी एक प्रिंट घेतलं. नवं नव्हे, जुन्या पुस्तकांच्या आणि किरकोळ वस्तूंच्या एका बाजारात, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं. संध्याकाळची वेळ, ओली धावपट्टी, एक लँकेस्टर नुकतंच जमिनीवरून सुटतंय, मागे दुसरं तयार. खाली तीन सह्या. एक मागच्या गनरची, एक वायरलेस ऑपरेटरची, एक नेव्हिगेटरची. सुखटणकरांची अर्थातच नाही, एवढं नशीब कुणाचं असतं! किंमत सांगत नाही, कारण हे आईसुद्धा वाचते.

फ्रेम मात्र मी जळगावलाच करायची ठरवलं होतं. पुण्यात फ्रेमवाले नाहीत असं नाही, पण जळगावच्या घरातल्या भिंती मोठ्या आहेत आणि पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक खिळा ठोकू देत नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसने नळी मांडीवर घेऊन गेलो. रात्रभर शेजारचा माणूस विचारत होता की आत काय आहे, तलवार का?

फुले मार्केटजवळ एक म्हातारे फ्रेमवाले आहेत. दुकानाच्या तिन्ही भिंतींवर सप्तशृंगी, गजानन महाराज, शिवाजी महाराज, मुक्ताई, आणि मधूनमधून कुणाकुणाचे आजोबा-आजी, हार घालायची वाट बघत. त्यांनी माझं प्रिंट टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली आणि पट्टी लावून मोजलं. मग सहज म्हणाले, "ही खालची पांढरी पट्टी कापून टाकतो. बीडिंग कमी लागेल, स्वस्तात बसेल."

माझा हात आपोआप कागदावर गेला. मी म्हटलं, बाबा, चित्र कापलंत तरी चालेल पण पट्टीला हात लावू नका. हे वाक्य अतिशयोक्तीचं होतं, पण फार नव्हतं. त्यांना पेन्सिलच्या सह्या दाखवल्या. त्यांनी चष्मा वर केला, सह्या बघितल्या, मग चित्र बघितलं, पुन्हा सह्या बघितल्या. आणि अहिराणीत विचारलं, "यामा मानूस कोठे शे?"

यात माणूस कुठे आहे?

मी चित्रात बोट दाखवून सांगायला गेलो आणि सापडेना. कॉकपिटच्या काचेत एक करडा ठिपका, तो पायलट असावा. मागच्या काचेच्या घुमटात अजून एक ठिपका, तो गनर. बस. ज्या तिघांनी सह्या केल्या त्यांतला गनरचा ठिपका तेवढा धरता येईल, बाकी दोघं पत्र्याच्या आत. नेव्हिगेटर तर पडद्याच्याही आत. मी त्यांना सांगितलं, आत आहेत, दिसत नाहीत. ते म्हणाले, मग यांचे फोटो का नाही लावत खाली? मुंबईहून लोक गाडीचे फोटो आणतात फ्रेमला, ते ठीक, पण त्यात निदान मालक शेजारी उभा असतो.

यावर हसून सोडून देता आलं असतं. पण मला वाटतं त्यांनी या साऱ्या कलाप्रकाराच्या बरोब्बर वर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडे लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक म्हणजे वीरगळ. गावोगाव मारुतीच्या देवळाबाहेर, शेताच्या बांधावर, शेंदूर फासून उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. पण माणूस आहे, ठसठशीत, ढाल-तलवारीसकट. विमानांच्या चित्रात बरोबर उलटं झालंय. नाव आहे, सही आहे, नंबर आहे, आणि माणूस नाही. घोडा कोरला आणि स्वार राहिला.

लंडनच्या ग्रीन पार्कमधलं बॉम्बर कमांडचं स्मारक मी पाहिलंय. ते २८ जून २०१२ ला खुलं झालं, युद्ध संपल्यावर तब्बल ६७ वर्षांनी. फिलिप जॅक्सन या शिल्पकाराने तिथे सात जण उभे केलेत, ब्राँझचे, माणसाहून मोठे, नुकतेच विमानातून उतरल्यासारखे थकलेले. विमान तिथे नाही. म्हणजे आहे, पण छतात. १९४४ मध्ये बेल्जियममध्ये पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरचं ॲल्युमिनियम त्या छताला वापरलंय. आमच्या फ्रेमवाल्यांना हे स्मारक पसंत पडलं असतं.

स्मारकाला एवढा उशीर का, हा प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला. त्यांनी हायस्कूलमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यांना प्रश्नाचं उत्तर माहीत असतं, ते फक्त आपल्याला येतं का ते बघत असतात.

उत्तर असं की विजय झाल्यावर खुद्द ब्रिटिशांनाच या कामाची लाज वाटायला लागली. मे १९४५ च्या विजयाच्या भाषणात चर्चिलने बॉम्बर कमांडचा उल्लेखसुद्धा टाळला. वेगळं पदक दिलं नाही, २०१३ मध्ये फितीवर लावायची एक छोटी पट्टी दिली, तोवर बहुतेक जण गेलेले. कारण बॉम्ब कारखान्यांवर पडत होते तसेच वस्त्यांवरही पडत होते, आणि ते चुकून नव्हे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं, चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. डॅमबस्टरांचं बघा. या बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते त्यांचंच चित्र: चंद्रप्रकाश, तळ्यावरून पाण्याला पोट टेकेल इतकं खाली आलेलं लँकेस्टर, पुढे धरणाची भिंत. १९ विमानं गेली, ८ परत आली नाहीत, १३३ जणांपैकी ५३ मेले. धरण फुटल्यावर खालच्या खोऱ्यात तेराशेच्या वर माणसं बुडाली, आणि त्यांत शेकडो होत्या त्या रशिया-युक्रेनकडून वेठीला आणलेल्या कामगार बायका. म्हणजे ज्यांना सोडवायचं त्याच. ते खोरं मी एकाही प्रिंटमध्ये पाहिलेलं नाही.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं. प्रिंट तेव्हा जेवणाच्या टेबलावर होतं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. मग ते म्हणाले, "आणि हे तुझे सुखटणकर. साल काय म्हणालास?"

"१९४३."

"९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार गोळी खाऊन पडला. शाळकरी पोरगा. त्याच्यासोबत अजून चार. गोळी कुणाच्या पोलिसांची? आणि एप्रिल १९४४ ला आपल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला. या दोन्हींच्या मधे हा माणूस त्याच इंग्रजांच्या विमानात बसून त्यांना वाट दाखवतोय. तू याचं चित्र माझ्या भिंतीवर लावणार?"

मी म्हटलं, समोर हिटलर होता. ते म्हणाले, ते मला शिकवू नकोस, मीच शिकवलंय. आई म्हणाली, वाट्या उचला, भाजी वाढायची आहे.

बाबांशी वाद घालताना माझी नेहमीची पंचाईत ही की मला त्यांचं म्हणणं निम्मं पटत असतं. नंदुरबारचं ते हुतात्मा स्मारक मी शाळेच्या सहलीत पाहिलंय. खानदेशातल्या माणसासमोर १९४२ म्हटलं की तो आधी नंदुरबार म्हणणार, बर्लिन नाही. पण मला असंही वाटतं की विशी-पंचविशीतला एक मुलगा, ज्याच्या देशाला अजून स्वातंत्र्य नाही, तो नाझींविरुद्ध लढायचं ठरवतो, यात गुलामी शोधायलाच पाहिजे असं नाही. दोन्ही बाजूंना धैर्य होतं आणि दोघांची गाठ कधी पडली नाही. हे मी बाबांना म्हटलं. ते "हं" म्हणाले. त्यांचा "हं" म्हणजे पास नाही आणि नापासही नाही, एटीकेटी.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन धुळ्याला गेलो, काकांकडे. वादात तिसरा माणूस लागतो म्हणून नव्हे, तर आमच्या खानदानात विमानाला हात लावलेला हा एकच माणूस म्हणून. काका एअर फोर्समध्ये आर्मामेंट फिटर होते. म्हणजे विमानाला बॉम्ब लावणारे. काही वर्षं ते आग्र्याला कॅनबेरावर होते.

कॅनबेरा हे आपलं बॉम्बर. १९५७ पासून ११ मे २००७ पर्यंत, बरोबर पन्नास वर्षं आपल्या हवाई दलात होतं. १९६१ मध्ये काँगोला संयुक्त राष्ट्रांच्या कामाला गेलं, १९६५ मध्ये बदीनच्या रडारवर गेलं, १९७१ लढलं, आणि कारगिलच्या वेळीसुद्धा फोटो काढायला उडत होतं. त्याच्याही आधी आपल्याकडे लिबरेटर होती, आणि ती गोष्ट ऐकून कुठल्याही इंजिनिअरची छाती फुगेल. युद्ध संपल्यावर मित्रराष्ट्रांनी कानपूरला लिबरेटर विमानांचा ढीग टाकून दिला होता, परत कुणी वापरू नये म्हणून मोडतोड करून. एच.ए.एल.च्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसच्या वर विमानं उभी केली, कानपूरहून बंगलोरला उडवत नेली आणि धडधाकट करून दिली. १९४८ मध्ये पाच नंबरचं स्क्वाड्रन त्यांवर उभं राहिलं. सहा नंबरचं स्क्वाड्रन पुण्याला लोहगावहून ती समुद्रावर टेहळणीला न्यायचं, थेट १९६८ पर्यंत, जगात बाकी सगळ्यांनी लिबरेटर मोडीत काढल्यावरसुद्धा. १९७४ मध्ये त्यातलं एक आपण त्याच रॉयल एअर फोर्स म्युझियमला भेट दिलं. ज्यांनी फोडून टाकलं त्यांनाच दुरुस्त करून परत. यापेक्षा सभ्य टोमणा मला तरी माहीत नाही.

काकांनी प्रिंट खिडकीच्या उजेडात धरलं. विमान बघितलंच नाही. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, अंधारात, धावपट्टीच्या कडेला सायकल धरून उभी असलेली तीन माणसं आहेत, सावल्यांसारखी. मी घेतलं तेव्हापासून त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, "हे आम्ही."

मग बोलायला लागले. "तुला वाटतं विमान गेलं की आमचं काम संपलं. काम तेव्हाच सुरू. किती वाजता परत येणार ते फळ्यावर असतं. त्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून कुणी गप्पा मारत नाही. आवाज आला की आधी मोजायचं. मग नंबर वाचायचा. शांततेच्या काळातसुद्धा हेच, पोऱ्या. सराव असला तरी विमान पडतंच."

मी त्यांना सुखटणकरांबद्दल सांगितलं, पडद्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आमच्या कॅनबेराच्या नेव्हिगेटरची गंमत ऐक. बॉम्बरचा जो प्रकार आपल्याकडे जास्त होता, त्यात पायलटच्या सीटला इजेक्शन होतं. दांडी ओढली की बाहेर. नेव्हिगेटरला नव्हतं. तो आत, पायलटच्या खाली-पुढे बसायचा. विमान सोडायची वेळ आली तर याने पॅराशूट छातीला अडकवायचं, सरकत दारापाशी यायचं, दार उघडायचं आणि उडी मारायची. तोवर विमान सरळ राहिलं पाहिजे, म्हणजे पायलटने थांबलं पाहिजे. "दोघं शेजारी बसून जेवायचे मेसमध्ये," काका म्हणाले. "एकाकडे दांडी आहे आणि एकाकडे नाही, हे दोघांना माहीत. कधी कुणी बोललेलं मी ऐकलं नाही."

बाबांचा मुद्दाही मी मांडला, प्रामाणिकपणे, नंदुरबारसकट. काका आणि बाबा सख्खे भाऊ, दोघांचे वाद चाळीस वर्षं जुने. काकांनी एवढंच म्हटलं की आमचे सुरुवातीचे मोठे अधिकारी सगळे त्याच युद्धात शिकलेले होते, ४७ नंतर विमानं उडवायला काही आकाशातून माणसं पडणार नव्हती. आणि मग, थोडं थांबून, "बॉम्ब मी लावलेत. खाली कोण असतं ते मलाही माहीत आहे. तुझ्या बापाला सांग, चित्र लाव, पण देवघराच्या भिंतीला नको."

हा निकाल घरात सगळ्यांना मान्य झाला, आश्चर्य म्हणजे बाबांनाही. प्रिंट आता जळगावला जिन्याच्या वळणावर आहे. पट्टी पूर्ण शाबूत, ॲसिड-फ्री माउंट मी पुण्याहून नेला होता, आणि खानदेशचं ऊन थेट पडणार नाही अशी जागा. बाबांनी शेजारी शिरीषकुमारचं चित्र लावलंय, थोडं वरच्या उंचीवर. मी काही बोललो नाही. जागा छान दिसते.

आपल्याकडे ही कला अगदीच नाही असं नाही. ग्रुप कॅप्टन देब गोहाईं स्वतः हवाई दलातले आणि आपल्या विमानांची चित्रं काढणारे. आर्मी पोस्टाची विशेष पाकिटंही निघतात, स्क्वाड्रनच्या समारंभाची, वर विमानाचं चित्र आणि ५६ ए.पी.ओ.चा शिक्का. पण ही पाकिटं काय किंवा प्रिंट काय, आपल्या घरात भिंतीवर दिसत नाहीत. छापील चित्राचं आपल्याला वावडं आहे म्हणावं तर तसंही नाही, राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तेव्हापासून आपल्या भिंती छापील लक्ष्मी-सरस्वतींनी भरलेल्या आहेत. फक्त त्यांच्या प्रतींना मर्यादा नसते. देव कुणाला १ ते ५०० मध्ये बसवायचा?

काकांकडे असं एक पाकीट निघालं. पेन्शनच्या कागदांच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये, कॅनबेराचं चित्र असलेलं, त्यावर एका नेव्हिगेटरची सही. निळ्या शाईची. ज्याच्या विमानाला ते बॉम्ब लावायचे त्याची. मी म्हटलं, द्या, फ्रेम करून आणतो. ते म्हणाले, नको. मी आग्रह केला तेव्हा त्यांनी पाकीट उलटं केलं. मागे त्यांच्या बारीक अक्षरात नऊ नावं होती. त्यांच्या ग्राउंड क्रूची, हुद्द्यासकट, गावासकट. एक नाव धुळे, एक परभणी, दोन केरळ, बाकी उत्तरेकडचे. फ्रेम केली की हे भिंतीकडे जाणार.

परवा जळगावला फ्रेमवाल्यांना फोन केला. दोन्ही बाजूंना काच बसते का विचारलं. म्हणाले बसते, बीडिंग जाड घ्यावं लागेल आणि टेबलावर उभी राहील अशी करावी लागेल, भिंतीवर नाही. आणि विचारलं, यात तरी माणूस आहे का?

नऊ आहेत म्हटलं.